वर्गाबाहेरचा वर्ग (भाग ९) : ‘सेंटरमध्ये जा’ एवढं सांगून भागत नाही

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकी कॉलेजांतल्या ‘ऑफिस अवर्स’बद्दल बोललो. आज प्राध्यापकाच्या खोलीतून बाहेर पडून ग्रंथालयाकडे जायचं आहे. तिथल्या पुष्कळ कॅम्पसवर ग्रंथालयात किंवा त्याच्या जवळपास एक मोठी खोली असते. गोल टेबलं, भिंतीवर पांढरे फळे, आणि प्रत्येक टेबलाशी छातीवर नावाचा बिल्ला लावलेला विशी-बाविशीतला एक मुलगा किंवा मुलगी. हे ट्युटरिंग सेंटर. इथे शिकवणारेही बहुतेक विद्यार्थीच. त्यांनी तो विषय वर्षा-दोन वर्षांपूर्वी चांगल्या ग्रेडने पार केलेला असतो, प्राध्यापकाच्या शिफारशीने त्यांची निवड झालेली असते, आणि कॉलेज त्यांना तासाप्रमाणे पगार देतं. शिकायला येणाऱ्याला सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. आपल्याकडून तिकडे गेलेली मुलंही या टेबलांशी दिसतात. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसमध्येच आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि स्टॅटिस्टिक्स किंवा प्रोग्रॅमिंग पक्कं असलेल्या मुलांना कॅन्टीनमधल्या कामापेक्षा हे काम कितीतरी जवळचं वाटतं.

ही सोय कॉलेजने केलेली असते, तिच्यावर खर्चही होतो. तरी ती वर्गाच्या उपयोगी पडते की नाही, हे बरंचसं प्राध्यापकावर ठरतं. मला हे उशिरा कळलं, आणि एका विद्यार्थ्याला त्याची किंमत मोजावी लागल्यावर कळलं.

अशाच एका कॉलेजात मी बरीच वर्षं कॅल्क्युलस शिकवत होते. पहिल्या तासाला सिलॅबस वाचून दाखवताना शेवटी एक वाक्य असायचं : अडचण आली तर ट्युटरिंग सेंटरमध्ये जा. एवढं सांगितलं की आपलं काम झालं, असं मला वाटे. एका सेमिस्टरच्या पहिल्या मिडटर्ममध्ये मी एक प्रश्न घातला : क्ष शून्याकडे जात असताना, साइन क्ष भागिले क्ष यांची सीमा काढा. वर्गात मी त्याची भौमितिक सिद्धता वर्तुळ काढून दाखवली होती. एका मुलाने दोन ओळींत लोपितालचा नियम लावला, वरच्या-खालच्या पदांचे डेरिव्हेटिव्ह घेतले आणि उत्तर १ लिहिलं. उत्तर बरोबर होतं. मी दहापैकी दोन गुण दिले. कारण साइनचा डेरिव्हेटिव्ह काढायलाच ही सीमा लागते. जे सिद्ध करायचं तेच त्याने आधी गृहीत धरलं होतं, आणि डेरिव्हेटिव्ह हा शब्दही वर्गात अजून यायचा होता.

मुलगा पेपर घेऊन माझ्यासमोर आला. “मॅडम, मला सेंटरमध्ये असंच शिकवलं. मी तीन संध्याकाळी तिथे बसलो होतो.”

मी सेंटरमध्ये गेले. त्याला शिकवणारी मुलगी हुशार होती आणि मनापासून शिकवणारी होती. तिने अख्खा कोर्स पुरा केलेला असल्यामुळे सगळी हत्यारं तिच्या हाताशी होती. माझा वर्ग कितव्या आठवड्यात कुठे आहे, कोणतं हत्यार अजून वापरायचं नाही, हे तिला कसं कळणार? तिला मी काहीच कळवलं नव्हतं. त्या मुलाचे आठ गुण माझ्या मौनामुळे गेले होते. मी ते गुण त्याला परत दिले. तो मात्र त्यानंतर सेंटरमध्ये परत गेला नाही.

तेव्हापासून सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी सेंटरला एक पान पाठवायचं असा नेम मी केला. कोणत्या आठवड्यात काय शिकवणार. कोणती चिन्हं वापरणार, कारण एकाच गोष्टीला तीन पुस्तकांत तीन चिन्हं असतात आणि गोंधळलेल्या मुलाला ती तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. कॅल्क्युलेटर कधी चालेल, कधी नाही. आणि मागच्या वर्षीची एक तपासलेली उत्तरपत्रिका, नाव काढून. माझ्या मते या सगळ्यात जास्त उपयोगाची तीच. पायऱ्यांना किती गुण जातात, ‘उत्तर बरोबर, रीत चूक’ याला मी काय करते, हे ट्युटरला सिलॅबसमधून कधीच कळत नाही. लाल पेनच्या खुणांवरून ते पाच मिनिटांत कळतं.

याच पानावर आणखी एक गोष्ट हवीच : कोणत्या कामात किती मदत चालेल. चांगली सेंटरं ट्युटरना रीतसर तयार करतात. अमेरिकेत सीआरएलए ही वाचन-अध्ययन क्षेत्रातली संघटना अशा प्रशिक्षणांना मान्यता देते. तिच्या पहिल्या पातळीला किमान दहा तासांचं प्रशिक्षण आणि पंचवीस तास प्रत्यक्ष शिकवणं लागतं. त्यात पहिला धडा असतो, पेन्सिल विद्यार्थ्याच्याच हातात राहू द्या. पण समोरचा कागद सरावाचा आहे की घरी सोडवायला दिलेली परीक्षा आहे, हे प्रशिक्षणाने कळत नाही. ते प्राध्यापकानेच कळवायला हवं. नाहीतर नियम मोडल्याचा ठपका येतो तो दोन विद्यार्थ्यांवर.

आता मुलांना तिथे पाठवण्याबद्दल. इथे शब्दांना फार वजन आहे. मराठीत ‘शिकवणी’ या शब्दाला एके काळी लाज चिकटलेली होती. ज्याला शाळेत जमत नाही त्याला शिकवणी. ती लाज क्लासेसच्या लाटेत गेली असं आपण म्हणतो, पण कॉलेजात ती दुसऱ्या नावाने राहिली आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’कडून कॉलेजला विचारलं जाई, की ‘स्लो लर्नर’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर’ यांच्यासाठी तुम्ही काय करता. हेतू चांगला आहे. पण ज्या मुलाचं नाव पहिल्या यादीत येतं, त्याला त्या जादा तासाला जाताना कॉरिडॉर किती लांब वाटत असेल, याचा विचार कुणी करायचा?

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर बर्कलीचं आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये उरी ट्राइसमन हे तरुण गणिती शिकवत होते. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात मागे पडत होते. त्यांनी सहकारी प्राध्यापकांना कारणं विचारली. उत्तरं आली ती तुम्ही-आम्हीही दिली असती : जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, पैशाची ओढाताण. ट्राइसमन यांनी ती मानून घेतली नाहीत. त्यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्या सोबत राहून पाहिलं. कारणं एकेक करून गळून पडली. ही मुलं आपापल्या शाळेत पहिली आलेली होती, घरच्यांचा त्यांच्यावर जीव होता. फरक एवढाच होता, की चिनी वंशाची मुलं घरी गणितं सोडवून मग एकत्र जमत, एकमेकांची उत्तरं तपासत, कोण कुठे अडलं ते बोलत. कृष्णवर्णीय मुलं सांगितलेले तास प्रामाणिकपणे अभ्यास करत, पण एकटी. ‘कच्च्यांसाठी’ असलेल्या मदत-वर्गांपासून ती लांब राहत, आणि शाळेत पहिल्या आलेल्या मुलाने लांब राहावं यात नवल काय?

ट्राइसमन यांनी मदत-वर्ग काढलाच नाही. त्यांनी हुशार मुलांसाठी म्हणून कार्यशाळा काढली, वर्गापेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटात सोडवायला लावली. मुलं आली, टिकली, आणि त्यांच्या ग्रेड ठळकपणे वर गेल्या. १९९२ साली त्यांनी हा सगळा प्रवास एका लेखात मांडला. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला कळकळीने वाटतं. त्यातून मी एक गोष्ट घेतली. सेंटरचा उल्लेख मी नापास होण्याशी जोडणं बंद केलं. ‘ज्यांना चाळीसपेक्षा कमी आहेत त्यांनी जावं’ असं म्हणण्याऐवजी मी एक अवघड गणित फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, “हे गुरुवारी सेंटरमध्ये चार जणांनी मिळून सोडवा. मला एकटीला याला पाऊण तास लागला होता.” खरंच लागला होता.

हाच विचार व्यवस्था म्हणून उभा राहिला तो मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसवर. १९७३ साली डिॲना मार्टिन यांनी तिथे आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ सुरू केलं. सगळे त्याला एसआय म्हणतात. त्यांची कल्पना साधी होती : अवघड मुलं शोधू नका, अवघड कोर्स शोधा. ज्या कोर्समध्ये ३० टक्के किंवा जास्त मुलं डी-एफ ग्रेड मिळवतात किंवा मधेच सोडून जातात, त्या कोर्सला एक एसआय लीडर द्यायचा. हा जुना विद्यार्थी पुन्हा वर्गात येऊन बसतो, प्रत्येक तास ऐकतो, स्वतः टिपणं काढतो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा सर्वांसाठी खुली सत्रं घेतो. कुणीही या, कुणावरही शिक्का नाही. १९८१ साली अमेरिकेच्या शिक्षण खात्याने या पद्धतीला आदर्श कार्यक्रम म्हणून मान्यता दिली. आज ती अनेक देशांत चालते, ऑस्ट्रेलियात ती ‘पास’ या नावाने ओळखली जाते.

एसआयमधली प्राध्यापकाची जागा मला फार आवडते. त्याच्या संमतीशिवाय त्याच्या वर्गात एसआय येत नाही. लीडरच्या निवडीत त्याचं मत घेतलं जातं. तो लीडरला वर्गासमोर दोन मिनिटं बोलायला देतो, आठवड्यातून एकदा त्याच्याशी बसतो. पण सत्राला कोण आलं, कोण नाही, हे त्याने विचारायचं नाही. हजेरीची नोंद ठेवली जाते, प्राध्यापकाला ती ग्रेड लागेपर्यंत दिसत नाही. लीडर पेपर तपासत नाही, गुण देत नाही. मुलाला तिथे ‘मला काहीच कळलं नाही’ असं मोकळेपणी म्हणता यावं, म्हणून ही भिंत आहे. प्राध्यापकांना तिचा राग येतो हे मी पाहिलं आहे. “माझ्याच वर्गातली मुलं, मग मला का नाही सांगायचं?” मला वाटतं, ही भिंत पडली तर सगळंच पडेल.

सेंटरला गेल्याबद्दल जादा गुण द्यावेत का, असं बरेच जण विचारतात. मी एका सेमिस्टरला दिले. शेवटच्या आठवड्यात सहीसाठी रांग लागली आणि ज्यांना खरोखर शिकायचं होतं त्यांना टेबल मिळेना. त्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात एक तास अख्खा वर्गच तिथे नेणं मला जास्त भावलं. जागा पाहिलेली असली की पाय वळतात.

निबंध लिहायला मदत करणाऱ्या लेखन-केंद्रांचं थोडं निराळं आहे. स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ सालीच तक्रार केली होती, की प्राध्यापक या केंद्रांना शुद्धलेखन दुरुस्तीचं दुकान समजतात. निबंध पाठवताना सोबत असाइनमेंटचा मूळ कागद पाठवला, तरी निम्मा गैरसमज जातो.

आपल्याकडच्या कॉलेजांत अशी खोली सहसा नसते. पण कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा व शिका’ आपल्याकडे आहे. त्या योजनेत मुलं ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत तासावर काम करतात. त्यातले चार तास पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या वर्गात बसायला आणि नंतर खालच्या मुलांसोबत गणितं सोडवायला दिले, तर नवी इमारत लागणार नाही. विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाने त्या मुलाबरोबर आठवड्याला दहा मिनिटं बसायचं कबूल करायला हवं, इतकंच.

तिकडे मीही सेंटरच्या ट्युटरबरोबर आठवड्याला अशी दहा मिनिटं बसत असे. त्यात मी एकच प्रश्न विचारत असे : या आठवड्यात मुलं काय विचारत होती? नावं नकोत, प्रश्न सांगा. चेन रूलच्या आठवड्यात एकदा ट्युटरने सांगितलं, “नियम त्यांना पाठ आहे. पण एका फंक्शनच्या आत दुसरं फंक्शन आहे हेच त्यांना दिसत नाही. आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं, तिथेच अडतात.” तीन दिवस मी फळ्यावर नियम पुन्हा पुन्हा लिहीत होते. वर्गात हात वर करून हे मला कुणी सांगितलं नसतं, कारण आपण कुठे अडलोय हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. सोमवारी मी डेरिव्हेटिव्ह बाजूला ठेवले. एका कागदाच्या पाकिटात दुसरं पाकीट घालून वर्गात नेलं, आणि आधी कोणतं उघडायचं हे मुलांना विचारलं.