एका चुलीवरचीं मुलें

मराठींत भाऊ विभक्त झाले असें सांगावयाचें असतां 'त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या' असें म्हणतात. घरांत मधली भिंत मागाहून पडते, जमिनीचे वाटे त्याहूनही मागाहून होतात. पण दुसरी चूल पेटली कीं घर दुभंगलें, हें लहान मुलासही कळतें. डॉ. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत एकत्र कुटुंबाचीं जीं लक्षणें सांगितलीं, त्यांतही एका छपराखालीं राहणें, एका चुलीवर शिजलेलें अन्न खाणें, मिळकत सामाईक असणें व देवधर्म एकत्र करणें यांचा निर्देश आहे. अशा घरांत वाढणाऱ्या मुलास काय मिळे, आणि जें मिळे त्याची किंमत कोणास द्यावी लागे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

अशा घरांतील मुलास आई एक, पण आईपण करणाऱ्या अनेक असत. एकीनें न्हाऊं घालावें, दुसरीनें भरवावें, आजीनें निजवावें, आणि खुद्द आईनें त्या वेळीं चुलीपुढें भाकऱ्या भाजीत बसावें, असा क्रम असे. वडील माणसांदेखत बापानें आपलें मूल उचलून घेणें हें तर मर्यादेस सोडून मानीत. मूल बोलूं लागलें म्हणजे भोंवतालच्या मुलांच्या तोंडचे शब्द उचली. त्यामुळें स्वतःच्या आईस 'वहिनी' किंवा 'काकू' आणि बापास 'दादा' किंवा 'काका' म्हणणारीं मुलें महाराष्ट्रांत पुष्कळ होतीं; त्यांपैकीं कित्येकांनीं आईस 'आई' अशी हांक जन्मांत मारिली नाहीं. आज हें चमत्कारिक वाटेल. परंतु मुलावर साऱ्या घराचा हक्क आहे आणि मुलाचाही साऱ्या घरावर आहे, हा पाठ त्यास पहिल्या शब्दांबरोबरच मिळत असे.

दुसरा पाठ पंगतींत मिळे. 'वाढणारा आपला असेल तर पंगतींत कोठेंही बसावें' अशी म्हण आहे. एकत्र कुटुंबाचें निम्में राजकारण तींत आलें. तुपाची धार स्वतःच्या मुलाच्या भातावर जाड आणि जावेच्या मुलाच्या भातावर बारीक पडली, तर तें वडील माणसांच्या आधीं मुलांच्या ध्यानांत येई. म्हणून घरची जाणती बाई तूप वाढण्याचें काम सहसा स्वतःकडेच ठेवी. एक आंबा चौघांत वांटावयाचा झाल्यास जो कापी त्यानें शेवटची फोड घ्यावी, असा दंडक कित्येक घरांत असे. समान भाग करण्याचें गणित मुलें शाळेंत शिकत. पण फोड एक कमी पडली असतां काय करावें, हें त्यांस घरींच शिकावें लागे. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर येई, त्याचें पुस्तक पुढच्या वर्षीं दुसऱ्याच्या दप्तरांत जाई, आणि एकजण मोठ्यानें पाढे म्हणूं लागला कीं शेजारीं खेळणाऱ्या दोघांचे पाढे आपोआप पाठ होत.

परंतु ही समता सर्वांस लागू नव्हती. शेवटच्या पंगतीस भांड्याच्या तळाशीं उरलेलें अन्न येई, आणि त्या पंगतींत या मुलांच्या आया बसत. विधवा काकू दिवसभर सर्वांचीं मुलें सांभाळी. पण १९३७ च्या कायद्यापूर्वीं एकत्र मिळकतींत तिला अन्नवस्त्रापलीकडे हक्क नव्हता. सुनेनें कांहीं निराळें शिकावें, हेंही पुष्कळ घरांस रुचत नसे. रमाबाई रानडे यांचें लग्न १८७३ सालीं झालें. पुढें पतीच्या इच्छेनें त्या इंग्रजी शिकूं लागल्या, तेव्हां घरांतील बायकांचा रोष त्यांस सोसावा लागला. ती हकीकत १९१० सालच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या त्यांच्या पुस्तकांत वाचावयास मिळते. माया आणि जाच एकाच छपराखालीं नांदत होतीं. यांपैकीं एकच सांगणें खरेपणाचें होणार नाहीं.

सर्वांत बिकट प्रश्न मूल मिळवतें झाल्यावर उभा राही. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ सालीं वारले. तेव्हां थोरले बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली, व त्यांतून ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं पाठवीत. १८८४ सालीं गोपाळराव पदवीधर झाले. नांवें निराळीं, पण हीच गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर घडली आहे. एकानें नांगर धरावा, दुसऱ्यानें दुकान पाहावें, आणि तिसऱ्यानें त्यांच्या जिवावर शहरांत जाऊन शिकावें. मग त्या तिसऱ्याचा पगार कोणाचा?

न्यायालयांचें उत्तर कडक होतें. घराच्या पैशानें विशेष शिक्षण घेतलें असेल, तर त्या विद्येची कमाईही घराचीच. १९२१ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें हा नियम सिव्हिल सर्व्हिसमधील एका गृहस्थाच्या कमाईसही लावला. पुढें मुकुंदराव जयकर यांच्या खटपटीनें १९३० सालीं विद्याधनाचा कायदा झाला, आणि शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, विद्येची कमाई शिकणाऱ्याची स्वतःची, असें ठरलें. हें योग्यच झालें. नाहीं तर घरानें मुलास शिकविणें म्हणजे त्यास जन्मभर गहाण ठेवून घेणें झालें असतें.

वडिलार्जित मिळकतीचा नियम याहून फार जुना आहे. विज्ञानेश्वराच्या 'मिताक्षरा' टीकेप्रमाणें पुत्रास तींत जन्मतःच वाटा मिळतो. मात्र त्याच पंगतींत बसून तोच भात खाल्लेल्या मुलीस तसा वाटा नव्हता. महाराष्ट्रांत तो १९९४ सालीं, त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली वगळून, देण्यांत आला. सबंध देशांत २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला. तुपाची धार सारखी पडावी यासाठीं इतकी दक्षता घेणाऱ्या घरांस जें सुचलें नाहीं, तें शेवटीं कायद्यास करावें लागलें.

कायद्यानें वाटा ठरतो. ऋण त्यानें ठरत नाहीं. १९३० च्या कायद्यानें धाकट्याचा पगार त्याचा झाला, पण थोरल्यानें सोडलेली शाळा त्यास परत मिळाली नाहीं. तो हिशेब कोणत्याही कचेरींत दाखल होत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच पाहावयाचा असतो. नोकरीच्या मागें माणसें शहरांत गेलीं, कित्येक वाड्यांतील चुली वेगळ्या झाल्या, त्यास इलाज नाहीं. पण गांवीं राहिलेल्या भावाची मुलगी किंवा मुलगा शिकण्यासाठीं शहरांत आला, तर त्यास निजावयास जागा आणि दोन वेळचें ताट देणें दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही पुष्कळांस साधतें. तें ताट वाढतांना हात आंखडला नाहीं, म्हणजे एका चुलीवर वाढल्याचें ऋण थोडेंसें तरी फिटलें.