ऑपरेशननंतर लघवीचा जंतुसंसर्ग कसा टाळावा?



आरे वसाहतीतील आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवर मी परिचारिका म्हणून घरभेटी देते. तेथील काही भगिनींचे अंग बाहेर येते, काहींना गाठी किंवा अतिरक्तस्राव असतो. मग कूपर, शताब्दी अशा पालिकेच्या रुग्णालयात त्यांचे ऑपरेशन होते. टाके नीट भरतात. पण घरी आल्यावर लघवीचा जंतुसंसर्ग पुष्कळ जणींना गाठतो.

याचे कारण समजून घेऊ. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर लांब आणि गुदद्वाराच्या जवळ असतो. त्यामुळे जंतू मूत्राशयात लवकर पोहोचतात. त्यात ऑपरेशनच्या वेळी लघवीची नळी घालतात. ती जितके दिवस राहील, तितका धोका वाढतो. लघवीत जंतू आढळण्याची शक्यता दररोज सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून "नळी कधी काढणार?" असे डॉक्टरांना रोज नम्रपणे विचारावे. गर्भाशय काढण्याच्या साध्या ऑपरेशननंतर ती बहुधा २४ तासांत काढता येते. स्वतः मात्र ती कधीही ओढू नये.

नळी असेपर्यंत पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळीला पीळ पडू देऊ नये. पिशवी काठोकाठ भरण्याआधी रिकामी करावी आणि त्याआधी व नंतर साबणाने हात धुवावेत. नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा थेंब थेंब होऊन ओटीपोट फुगले, तर लगेच नर्सला सांगावे. मूत्राशयात साचून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात.

घरी आल्यावरची खरी अडचण वेगळीच असते. शौचालय लांब, रात्री वाटेत अंधार आणि बिबट्याची भीती. म्हणून कित्येक जणी दुपारनंतर पाणीच पीत नाहीत आणि आलेली लघवी सकाळपर्यंत दाबून धरतात. एक ताई मला म्हणाल्या, "सिस्टर, पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं." त्यांचे म्हणणे खोटे नाही. अशा घरी मी झाकणाची बादली आतच ठेवायला सांगते. डॉक्टरांनी पाणी कमी पिण्यास सांगितले नसेल, तर दिवसाला आठ-दहा पेले पाणी प्यावे. दर तीन-चार तासांनी, घाई न करता, पूर्ण लघवी करावी. धुताना हात पुढून मागे न्यावा. आत साबण किंवा डेटॉल घालू नये. शौचाला कुंथावे लागू नये म्हणून भाजी व पातळ पदार्थ खावेत. डॉक्टर परवानगी देईपर्यंत, साधारण सहा आठवडे, पतिपत्नीने संबंध ठेवू नयेत. हे पतीलाही समजावून सांगावे लागते.

जळजळ झाली की आपल्याकडे "उन्हाळी लागली" म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी देतात. ते पिण्यास हरकत नाही, पण ऑपरेशननंतर त्यावर थांबू नये. जळजळ, वारंवार लघवी, गढूळ किंवा रक्तमिश्रित लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात लघवी तपासावी. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे किंवा उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. मग थेट रुग्णालय गाठावे. औषधाच्या दुकानातून मनाने गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटले तरी पूर्ण घ्याव्यात.

मंडळीतील भगिनींना माझी विनंती आहे. ऑपरेशन होऊन आलेल्या स्त्रीला भेटायला जाताना फळांबरोबर एक झाकणाची बादली, साबण आणि टॉर्च न्या. "कशी आहेस?" एवढेच न विचारता "लघवीला त्रास होतो का?" हेही विचारा. लाजेमुळे ती आपण होऊन सांगणार नाही. पण विचारले, तर नक्की सांगेल.