रोज दहा कॉलेजं

पाचशेच्या कोऱ्या नोटा एकीला एक खेटून, उभ्या लावत पाचोऱ्याहून निघायचं. ‘पीजे’च्या, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेच्या, जुन्या छोट्या लाइनीने वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जामनेर गाठलं की ५६ किलोमीटर होतात. तिथून उलट फिरून पुन्हा पाचोऱ्यापर्यंत लावत यायचं. तरीही आणखी आठ किलोमीटर पुरतील एवढ्या नोटा हातात उरतात. अशा १२० कोटी नोटा, म्हणजे ६०,००० कोटी रुपये.

एवढी रक्कम केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५मध्ये एकाच कामासाठी मंजूर केली: देशातल्या आयटीआय सुधारण्यासाठी. केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,००० कोटी आणि उद्योगांकडून १०,००० कोटी, मुदत पाच वर्षांची. त्यातून १,००० सरकारी आयटीआय अद्ययावत करायच्या, २०० मुख्य केंद्रं आणि त्यांना जोडलेल्या ८००, आणि २० लाख तरुणांना कुशल करायचं. भागाकार केला तर माणशी तीन लाख रुपये येतात. साधी सीएनसी लेथ घ्यायची म्हटलं तरी काही लाखांत जाते. शिवाय देशात सरकारी आयटीआयच तीन हजारांवर आहेत, म्हणजे या पैशात तिघींतल्या साधारण एकीचाच नंबर लागणार. उरलेल्या दोघींचं काय, हा प्रश्न जामनेरसारख्या प्रत्येक तालुक्याने विचारायला हवा.

हा पैसा शेवटी जिथे पोहोचायचा, ती जागा फार लहान असते. फिटर ट्रेडची एक तुकडी २० जणांची. पहिल्या वर्षाचे १,२०० तास, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. मुलगा व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी आवळतो, कानस चालवतो, ट्राय स्क्वेअर लावून पट्टी उजेडाकडे धरतो. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. असं करत करत तो व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचं माप वाचायला शिकतो. रुळांकडेला लावलेल्या त्या नोटेची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या हातातल्या व्हर्नियरचे जेमतेम पाच भाग. याच मुलांमधल्या गरजूंना राज्यात चाळीसेक वर्षं महिन्याला ४० रुपये विद्यावेतन मिळत होतं. २०२३मध्ये ते ५०० रुपये झालं. शेतमजुराच्या मुलाला पहूर किंवा नेरीहून रोज एसटीने जामनेरला यायचं असेल, तर ४० रुपयांत एक आठवडाही निघत नाही, हे कळायला चार दशकं लागावीत याचं मला आजही वाईट वाटतं.

आता कॉलेजांकडे वळू. २०२१-२२च्या सरकारी पाहणीनुसार देशात उच्च शिक्षण घेणारे ४.३३ कोटी विद्यार्थी होते. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केंद्राने उच्च शिक्षणाला सुमारे ५०,०७८ कोटी रुपये दिले. आकडा ऐकून दडपायला होतं खरं, पण ४.३३ कोटींत वाटला की माणशी दिवसाला ३२ रुपयेही धड पडत नाहीत. प्राध्यापकांच्या पगाराचं राज्याचं अनुदान यात धरलेलं नाही, ते वेगळं. पण हे ३२ रुपयेही सगळीकडे सारखे जात नाहीत. त्याच अर्थसंकल्पात २३ आयआयटींना सुमारे ११,३४९ कोटी आहेत आणि तिथे शिकणारे १.३५ लाख, म्हणजे माणशी वर्षाला ८ लाख ४० हजार. आयआयटींना मिळतं ते कमी करा, असं मी म्हणणार नाही. पण जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरांचं विद्यापीठ राज्याचं आहे. २०११च्या जनगणनेत ७९ लाख लोकसंख्या असलेल्या या तीन जिल्ह्यांना स्वतःचं विद्यापीठ मिळायला १५ ऑगस्ट १९९० उजाडावा लागला. तोवर इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि कागद पुण्याला जायचे. आज कवयित्री बहिणाबाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाच्या वाट्याला केंद्राच्या थैलीतलं काय येतं, ते मोजायला हवं.

आणि मग खरा प्रचंड आकडा येतो, तो पैशांचा नाही, जागांचा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठरवलंय की २०३५पर्यंत व्यवसाय शिक्षण धरून उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण ५० टक्के व्हावं. २०२१-२२मध्ये ते होतं २८.४. देशात १८ ते २३ वयाची मुलं सव्वापंधरा कोटींच्या घरात. म्हणजे आणखी ३.३ कोटी जागा, २०२१-२२पासूनच्या तेरा वर्षांत. वर्षाला २५ लाख. रविवार, दिवाळी, मे महिना काही न सोडता रोज ६,९०० जागा. सातशे विद्यार्थ्यांचं कॉलेज धरलं, तर रोज दहा कॉलेजं.

हे गणित जामनेर तालुक्याला लावून पाहू. २०११ची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात. देशाचंच प्रमाण धरलं तर या वयाची मुलं ३८ हजारांच्या आसपास आणि वाढवायच्या जागा सुमारे ८,३००. म्हणजे या एका तालुक्यात वर्षाला साधारण ६४० जागा. त्या सगळ्या आयटीआयमध्येच काढायच्या म्हटल्या तर २०-२०च्या ३२ नव्या तुकड्या, दरवर्षी. तेवढ्या कार्यशाळा, तेवढे व्हाइस, तेवढी वीजजोडणी आणि तेवढे निदेशक.

व्हाइस आणि लेथ निविदा काढून येतात. निदेशक तसा येत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड, त्यावर निदेशक प्रशिक्षणाचं एक वर्ष, आणि मशीनवर हात बसायला आणखी काही वर्षं. २०३२ साली फिटरची तुकडी हाताळू शकेल असा निदेशक आज शेंदुर्णीच्या किंवा पहूरच्या शाळेत दहावीत बसलेला आहे. त्याच्या पगाराची तरतूद कुठल्या शीर्षाखाली होणार, हे आत्ताच्या योजनेत लिहिलेलं असायला हवं.