सुरत–भुसावळ लाइनवरचे कॉलेजचे कपडे

२०१३ साली संजय जाधव यांचा ‘दुनियादारी’ पडद्यावर आला आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांना ‘रेट्रो डे’चा आयता नमुना मिळाला. कुत्र्याच्या कानासारख्या लांब कॉलरी, फुलाफुलांचे शर्ट, कानांवर उतरलेले केस आणि जमीन झाडत जाणारी बेलबॉटम. सुहास शिरवळकरांची मूळ कादंबरी १९८२ची. तिच्यातला कट्टा पुण्याचा, पण सिनेमानंतर तो पोशाख गावोगावच्या गॅदरिंगमध्ये भाड्याने आणून मिरवला जाऊ लागला.

जुनी कॉलेजफॅशन पुन्हा अंगावर चढवण्याचा हा नाद जगभर आहे. हार्वर्डच्या बेसबॉल संघाने १८६५मध्ये आपल्या जर्सीवर ‘एच’ हे अक्षर लावले. मैदान गाजवणाऱ्यालाच ते मिरवण्याचा मान असे. आज तसलेच अक्षर छातीवर असलेले जाकीट आठवडे बाजारातही टांगलेले दिसते. १९६५मध्ये जपानी छायाचित्रकार तेरुयोशी हायाशिदा आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकन विद्यापीठांतल्या मुलांच्या कपड्यांवर ‘टेक आयव्ही’ नावाचे पुस्तक काढले. ते आज फॅशनवाल्यांची पोथी आहे. त्या मुलांच्या अंगावरचे चौकडीचे ‘मद्रास’ कापड मूळचे आपल्याकडचे, हे मात्र त्या पोथीचे भक्त सहसा विसरतात.

मराठी मुलखाची गोष्ट निराळी आहे. इथे कॉलेजचा पोशाख शोभेपुरता कधीच नव्हता. कोणी काय घालायचे आणि कोणी नाही, यावरून भांडणे झाली, दंड झाले.

ही गोष्ट चिंचपाड्याहून पाहिली तर जास्त स्पष्ट दिसते. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातले हे गाव म्हणजे एक लहान स्टेशन, जुने मिशन हॉस्पिटल आणि भोवती मावची, कोकणी, भिल्ल पाडे. फॅशनचा शोध घ्यायला इथे कोणी उतरणार नाही. पण हे स्टेशन ज्या लाइनवर आहे, तिच्या एका टोकाला सुरत आहे, म्हणजे कापडाचा बाजार. दुसरीकडे अमळनेर आणि जळगाव, म्हणजे खानदेशातली पहिली कॉलेजे. कापड एका दिशेने येई आणि पदवी दुसऱ्या दिशेला असे.

अमळनेरात तर दोन्ही एकाच घरातून आले. प्रतापशेठ यांची तिथे कापडगिरणी होती. त्यांच्याच पाठबळावर १९१६मध्ये तत्त्वज्ञान मंदिर आणि १९४५मध्ये प्रताप कॉलेज उभे राहिले. जळगावचे मूळजी जेठा कॉलेजही १९४५चेच. त्याआधी खानदेशातल्या मुलाला बी.ए. व्हायचे तर पुणे, मुंबई किंवा बडोद्यासारखे शहर गाठावे लागे. ट्रंकेत दोन धोतरे, दोन सदरे, एक काळी टोपी आणि जमले तर एक कोट. हा कोट पुष्कळदा थोरल्या भावाचा किंवा मामाचा असे, आणि धाकट्याची पाळी येईपर्यंत त्याची कोपरे विरलेली असत. इस्त्री नसे. तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडाने सदरा दाबायचा, घडी गादीखाली ठेवून रात्रभर तिच्यावर झोपायचे. जुन्या ग्रुप फोटोत सगळे कसे कडक दिसतात, याचे रहस्य एवढेच.

अमळनेरच्याच प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिकवत होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांनी तसेच टाकलेले कपडे ते गुपचूप धुऊन, घड्या घालून ठेवत. त्याच छात्रालयात ते रोज हाताने लिहून एक दैनिक काढत. १९२८मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. खादीचा स्वच्छ सदरा आणि हस्तलिखित अंक ही जोडी पुढे मराठी विद्यार्थिजीवनात दीर्घकाळ टिकली. ‘सर्जनशील जीवनशैली’ असे भारदस्त नाव तिला तेव्हा कोणी दिले नव्हते.

खादीच्याही आधीची ठिणगी पुण्यात पडली होती. १९०५च्या ऑक्टोबरात फर्ग्युसनचे विद्यार्थी विनायक सावरकर यांच्या पुढाकाराने विलायती कपड्यांची होळी झाली. प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे, केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ साली अव्वल आलेले. त्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. कपड्यापायी कॉलेजच्या विद्यार्थ्याला झालेली ही महाराष्ट्रातली सर्वांत गाजलेली शिक्षा. तिच्यामुळे कोट जाळणारा कोट घालणाऱ्यापेक्षा जास्त रुबाबदार ठरला, हा परिणाम प्राचार्यांना बहुधा अपेक्षित नसावा.

मुलींच्या वाट्याला दंड नव्हे, चारचौघांतली हेटाळणी आली. आनंदीबाई जोशी पायांत बूट घालून रस्त्याने चालत, तेव्हा लोक मागे लागून टवाळी करीत. पुढे त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. तिथला १० ऑक्टोबर १८८५चा एक फोटो प्रसिद्ध आहे. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या तबात इस्लामबुली आपल्या देशी वेषात. अमेरिकन कॉलेजात शिकणाऱ्या तिघीही अमेरिकन पोशाखात नाहीत. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात आपण हिंदू म्हणूनच जाणार आणि तशीच परत येणार, असे सांगितले होते, ते या फोटोत पाळलेले दिसते. हा फोटो ज्या वर्षीचा, त्याच वर्षी पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. जुन्या कॉलेजफॅशनचे एकच मराठी चित्र निवडायचे झाले, तर या फोटोपुढे बेलबॉटमचा टिकाव लागणार नाही.

पण आपला वेष जपणे हे ज्यांचा वेष अपमानाची खूण नव्हता, त्यांनाच परवडे. २५ डिसेंबर १९२७ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्यानंतर तिथे जमलेल्या स्त्रियांशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर लुगड्याबद्दल बोलले. जातीची ओळख पटवणारी नेसण ठेवू नका, गळ्यातले आणि हातातले कथील-चांदीचे ओझे उतरवा, असे त्यांचे सांगणे होते. स्वतः बाबासाहेब १९१२मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले, १९१३मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. त्यांचा सूट-टाय पुढे लाखो घरांतल्या भिंतींवर लागला. १९५०मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज निघाले, तेव्हा तिथे येणाऱ्या मुलांसमोर हा सूट होता. गांधींनी सूट टाकला आणि आंबेडकरांनी घातला, यात विसंगती शोधणारे दोघांची सुरुवात कुठून झाली हे पाहत नाहीत.

आदिवासी मुलांसाठी असाच एक दाखला झारखंडचा आहे. मुंडा समाजातले जयपालसिंग ऑक्सफर्डला शिकले, हॉकीसाठी त्यांना विद्यापीठाचा ‘ब्लू’ हा खेळाडूंचा मान मिळाला आणि १९२८च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकला ते भारताचे कर्णधार होते. पुढे संविधान सभेत त्यांनी स्वतःला अभिमानाने ‘जंगली’ म्हणवून घेतले. ऑक्सफर्डचा ब्लेझर आणि तो शब्द एकाच माणसाला शोभले.

साठच्या दशकात वारे फिरले. १९६३मध्ये यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याच्या होस्टेलवर येतो, मेस आणि नाटकाच्या भानगडीत वडिलांचे पैसे उडवतो आणि शेवटी गावी परततो. नीटनेटके दिसण्याची ओढच त्याला उरत नाही. त्याच्या आगेमागे सायक्लोस्टाइल केलेले आणि तुटपुंज्या पैशात काढलेले अंक हातोहात फिरत होते. पन्नासच्या दशकातले ‘शब्द’, नंतर अशोक शहाणे यांचे ‘असो’. ‘पुरुषोत्तम’ करंडकाची एकांकिका स्पर्धाही १९६३चीच. झब्बा, वाढलेली दाढी, खांद्यावर शबनम पिशवी आणि तिच्यात दुमडलेली संहिता असा कवी-नटांचा गणवेश या वातावरणात तयार झाला. गणवेश नाकारणाऱ्यांचा तो गणवेश होता आणि काटेकोरपणे पाळला जात असे.

मग टेरिकॉट आले. सूत आणि पॉलिस्टरच्या या मिश्रणाला सुरकुती पडत नसे, रात्री धुतलेली पँट सकाळी वाळलेली असे. दोनच जोड असलेल्या होस्टेलच्या मुलाला याहून मोठी सोय कोणती? खरी कला शिंप्याची होती. बेलबॉटम मांडीला आणि गुडघ्याला तंग ठेवायची, खाली मोहरी २४ इंचांपर्यंत सोडायची. जमिनीला घासून काठ फाटे म्हणून आतून झिपरची चेन शिवून घेत. चालताना ती पायरीवर खुळखुळे. नवी पँट परवडत नसेल तर जुनीच गुडघ्यापासून उसवून तिच्यात तिकोनी कळी बसवायची, आणि कळीचे कापड वेगळ्या रंगाचे निघाले तर तीच स्टाइल म्हणून खपवायची. भाड्याच्या रेट्रो पोशाखात नेमकी ही कळी सापडत नाही.

आज नंदुरबार जिल्ह्यात कॉलेजच्या मुलांची सर्वांत जिवंत पोशाखकला ९ ऑगस्टला दिसते. संयुक्त राष्ट्रांनी १९९४मध्ये हा दिवस जगातल्या मूळनिवासींसाठी जाहीर केला. त्या दिवशी मिरवणुकांत जीन्सवर फेटा, टी-शर्टवर चांदीची साखळी, पायांत स्पोर्ट्स शूज आणि हातात ढोल असा मेळ सर्रास असतो. शुद्धतावाद्यांना तो खटकतो. खटकू नये. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला शिकायला बाहेर गेलेली पोरे परततात, आणि कमरेला घुंगरू व वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर रंगाच्या नक्षीचे ठिपके असा ‘बुध्या’चा साज चढवतात. व्रतस्थ राहून तो घालायचा असतो. हार्वर्डच्या अक्षरालाही मुळात अशीच अट होती.

या सगळ्याची नोंद मात्र फार विरळ आहे. कॉलेजांच्या वार्षिक अंकांत ग्रुप फोटो छापलेले असतात, खाली सचिव आणि प्राध्यापकांची नावे असतात, मागच्या रांगेतले निनावी राहतात. सुरत–भुसावळ लाइनवरच्या ज्या घरांत असा फोटो असेल, त्यांनी त्याच्या पाठीवर साल, सर्वांची नावे, कापड कुठून आणले आणि कोणत्या शिंप्याने शिवले एवढे लिहावे, आणि एक प्रत आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात द्यावी. कोट उसना असेल, तर मूळ मालकाचे नावही लिहावे.