टाकीचे खोगीर

तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत किंवा स्वयंपाकाचा वायू सिलिंडरांत भरण्याच्या केंद्रांत लांबट, दोन्ही टोकांना घुमट असलेल्या आडव्या पोलादी टाक्या दिसतात. एवढे धूड केवळ दोन अर्धचंद्राकृती आधारांवर विसावलेले पाहून तिसरा आधार का दिला नाही, असे कोणालाही वाटावे. या आधाराला इंग्रजीत घोड्याच्या खोगिराचेच नाव आहे. मराठीतही ते शोभून दिसते.

तिघांनी ओंडका खांद्यावर घेतला आणि मधला गडी बोटभर बुटका निघाला, की सारा भार पुढच्यामागच्यावर पडतो; तो उंच निघाला, तर तोच चेपला जातो. जमीन वर्षानुवर्षे कमीअधिक खचत असते. त्यामुळे तीन आधारांचा हिशेब कागदावरच खरा राहतो आणि तिसरे खोगीर ही निव्वळ खोगीरभरती ठरते. दोघांत वाटणी निम्मीनिम्मी, हे मात्र पक्के. त्यांतही एकच जखडतात. दुसऱ्याच्या बोल्टांची भोके लांबट ठेवतात, कारण वीस मीटर लांबीचे पोलाद ४० अंश तापले की जवळजवळ एक सेंटिमीटर वाढते.

आता ही दोन खोगिरे ठेवावीत कोठे? तुळईचे शास्त्र सांगते, की टोकांपासून लांबीच्या सुमारे २१ टक्के अंतरावर आधार दिल्यास वाकण्याचा ताण सर्वांत कमी होतो. उदाहरणादाखल तीन मीटर व्यासाची, वीस मीटर लांबीची, २५ मिलिमीटर जाड पत्र्याची टाकी घेऊ. पाण्याने भरल्यावर (चाचणीसाठी ती पाण्यानेच भरतात) तिचे वजन सुमारे १८० टन होते. तरीही या जागी वाकण्याचा ताण चौरस सेंटिमीटरला अवघा ४३ किलो येतो. आतील दाब १५ किलो धरला, तर त्यामुळे पत्र्यात घेराच्या दिशेने ९०० आणि लांबीच्या दिशेने त्याच्या निम्मा, ४५०, इतका ताण असतोच. त्यापुढे ४३ म्हणजे काहीच नव्हे.

परंतु टाकी ही भरीव तुळई नव्हे, पातळ नळकांडे आहे. खोगिरावर तिचा पत्रा भरल्या पखालीसारखा बाजूंना फुगू पाहतो आणि खोगिराच्या दोन शिंगांशी वाकतो. अमेरिकन अभियंते एल. पी. झिक यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या ताणाचे गणित मांडले. अभियंते आजही ते वापरतात. खोगिराने टाकीचा १२० अंशांचा घेर कवेत घेतला असेल आणि त्याची रुंदी ३० सेंटिमीटर असेल, तर शिंगाशी सुमारे १,२९० किलो ताण येतो. तुळईच्या हिशेबातील आकड्याच्या हा तीसपट आहे!

यावरचा उपाय तुळईच्या शास्त्राविरुद्ध जाणारा आहे. खोगीर घुमटापासून त्रिज्येच्या निम्म्या अंतरात, येथे ७५ सेंटिमीटरांच्या आत, आणले की घुमट आपल्या ताठपणाने शेजारच्या पत्र्याचा गोलावा टिकवून धरतो. शिंगाशी पत्रा वाकल्याने येणारा ताण चौथाईवर उतरतो आणि एकूण आकडा ४३५ च्या आसपास राहतो. याची किंमत मध्यभागी मोजावी लागते. तेथे वाकण्याचा ताण ४३ वरून सुमारे २१५ वर चढतो. दाबाचे ४५० त्यात मिळवले तरी बेरीज ६६५, म्हणजे घेराच्या ९०० पेक्षा कमीच. जाडी मुळात ९०० साठी ठरवलेली असल्याने ही वाढ फुकटात सोसली जाते.

जागेच्या अडचणीमुळे खोगीर टोकाशी नेता आले नाही, तर त्या ठिकाणी पत्र्याला कडे वेल्ड करून घुमटाचे काम कड्याकडून करून घेतात. खोगीर आणि टाकी यांच्यामध्ये एक जादा पत्राही घालतात. तो शिंगांच्या पुढे थोडा वर न्यावा लागतो, नाहीतर जेथे त्याची खरी गरज, तेथेच तो संपतो.