टे नदीच्या मुखावरील डंडी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर टे नदी उत्तर समुद्रास मिळते. तेथील विस्तीर्ण खाडीच्या उत्तर तीरावर डंडी हे शहर वसले आहे. आज तेथे प्रवासी येतात ते जुनी जहाजे, संग्रहालये आणि वाळूचे किनारे पाहण्यासाठी. यांपैकी बऱ्याच वस्तू मुळात प्रेक्षणीय म्हणून निर्माण झालेल्या नव्हत्या. त्या पोटापाण्याच्या उद्योगाची साधने होत्या. उद्योग गेले, त्यांच्या निवडक खुणा मात्र शहराने जपल्या.

भारतीय वाचकास ‘व्हर्डंट वर्क्स’ ही १८३३ मधील गिरणी विशेष जवळची वाटेल. बंगालमधील ताग येथे येत असे. कोरडा ताग यंत्रावर तुटतो, म्हणून त्यास पाणी व देवमाशाचे तेल लावून मऊ करण्यात येई. आणि देवमाशांची शिकार करणारी जहाजेही डंडीचीच होती. एका धंद्याने दुसऱ्यास असा हात दिला. गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी होती. पुष्कळ घरांत मिळवती ती बाई, आणि बेकार पुरुष घर सांभाळी. पुढे डंडीचीच यंत्रे बंगालमध्ये गेली. १८५५ मध्ये रिसडा येथे तागाची पहिली गिरणी उभी राहिली आणि कालांतराने त्याच स्पर्धेने डंडीचा धंदा बसविला. व्हर्डंट वर्क्समध्ये आता जुनी यंत्रे चालवून दाखविली जातात.

शिकारी जहाजे बांधणाऱ्या कारागिरांचे कसब ‘डिस्कव्हरी’ या लाकडी जहाजात दिसते. ते १९०१ मध्ये येथेच पाण्यात सोडण्यात आले आणि कॅप्टन स्कॉट यांना घेऊन दक्षिण ध्रुवप्रदेशाकडे गेले. १९८६ मध्ये ते डंडीस परतले. त्याच्या शेजारीच जपानी वास्तुशिल्पी केंगो कुमा यांनी रचलेले ‘व्ही अँड ए’ हे संग्रहालय २०१८ मध्ये उघडले. त्याच्या भिंती कड्याच्या थरांसारख्या दिसतात.

शहराचा नकाशा एका दृष्टीत पाहावयाचा असल्यास ‘लॉ’ या १७४ मीटर उंच टेकडीवर जावे. तेथून खाडीवरील रेल्वेपूल दिसतो. त्याच्या आधीचा पूल २८ डिसेंबर १८७९ रोजी वादळात कोसळला व त्यावरील आगगाडी सर्व उतारूंसह नदीत बुडाली. त्या पुलाच्या खांबांचे बुंधे नव्या पुलालगत अद्याप पाण्याबाहेर डोकावतात.

पूर्वेस ब्रॉटी फेरी येथे पंधराव्या शतकाच्या अखेरचा किल्ला असून त्यालगत वाळूचा किनारा आहे. पाणी उन्हाळ्यातही थंडच. तरीही नववर्षदिनी येथे लोक हौसेने बुडी मारतात!

पैलतीरी फाइफमधील टेंट्समूर येथे वन, वाळूच्या टेकड्या आणि वाळूवर पहुडलेले सील आढळतात. दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैनिकांनी रणगाडे अडविण्यासाठी तेथे काँक्रीटचे ठोकळे मांडले. त्या वेळी ते समुद्राच्या काठाशी होते. किनारा वाळू साठून पुढे सरकल्यामुळे आज ते बरेच आत राहिले आहेत.