विश्लेषण : पडदे काढले की बास ‘जाको’सारखा वाजतो?

महाविद्यालयीन बँडमध्ये बास गिटार वाजवणाऱ्या अनेकांना कधी ना कधी जाको पास्टोरियसचा आवाज हवासा वाटतो. मग एखादा व्हिडीओ पाहून पक्कड हातात घेतली जाते आणि गिटारचे पडदे, म्हणजे फ्रेट, उपटले जातात. मात्र घरात एकच बास असेल, तर हा निर्णय महागात पडू शकतो. त्या आवाजामागे नेमके काय आहे आणि नागपूरच्या हवेत हा बदल करताना काय सांभाळावे?

जाकोने काय बदलले?

अमेरिकी वादक जाको पास्टोरियस (१९५१-१९८७) याच्याकडे १९६२ सालचा फेंडर जॅझ बास होता. त्याचे पडदे काढून खाचा लाकडाच्या लुकणाने बुजवलेल्या होत्या आणि फिंगरबोर्डवर बोटींसाठी वापरल्या जाणाऱ्या इपॉक्सीचे थर चढवले होते. १९७६ मधील त्याचा पहिला अल्बम आणि पाठोपाठ ‘वेदर रिपोर्ट’ या बँडमधील वादन यांमुळे हा आवाज जगभर पोहोचला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा बास चोरीला गेला. तो पुन्हा सापडला, तेव्हा जाको हयात नव्हता.

पडदे नसल्याने आवाज का बदलतो?

पडदा असला, की तार धातूच्या अरुंद कडेवर टेकते. स्वर स्वच्छ आणि टोकदार येतो. पडदा नसला, की ती थेट बोटाखालच्या सपाट पृष्ठावर टेकते आणि कंप पावताना त्याला हलकेच चाटून जाते. त्यामुळे स्वर उमटल्यानंतर उपस्वर फुलत जातात आणि ‘म्वाँ’ असा गुंजारव ऐकू येतो.

आपल्याला हे नवे नाही. तानपुऱ्याची जवारी याच तत्त्वावर चालते. घोडीच्या किंचित गोलाईदार पृष्ठावर तार घासते आणि आवाज खुलतो. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांमध्येही कारागिराचे खरे कसब जवारी लावण्यात दिसते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेच्या घोडीचा अभ्यास केला. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे जे उपस्वर नियमानुसार उमटायला नकोत, तेही या वाद्यांत ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले.

इपॉक्सीचे काम काय?

जाको राउंडवूंड तारा वापरत असे. त्यांवर गोल तारेचे वेटोळे असते, म्हणून आवाज चमकदार येतो. पण याच तारा उघड्या लाकडात चर पाडतात. इपॉक्सीचा कठीण थर लाकूड वाचवतो आणि आवाजाची चमकही टिकवतो.

पडदे न काढता काय करता येईल?

बरेच काही. नव्या राउंडवूंड तारा लावा. जॅझ बासला दोन पिकअप असतात. घोडीजवळच्या पिकअपचा आवाज पूर्ण ठेवा, पुढच्याचा बराच कमी करा. घोडीजवळ तारेचा झोका लहान असतो, त्यामुळे तिथे मूळ स्वराच्या तुलनेत उपस्वर ठळक होतात आणि आवाज थोडा नाकातून आल्यासारखा वाटतो. बोटांनीही तिथेच छेडा. हे सारे पाच मिनिटांत पूर्ववत करता येते. ‘म्वाँ’ मात्र एवढ्याने येत नाही.

त्यासाठीही मूळ बास मोडावा लागत नाही. या प्रकारच्या बासची मान चार स्क्रूंनी बसवलेली असते. त्याच मापाची फ्रेटलेस मान मिळाली, तर जुनी मान जपून ठेवता येते.

काढायचेच असतील तर?

पडदा सोल्डरिंगच्या कावियाने गरम करून हळूहळू उचलावा, नाहीतर लाकडाचे टवके उडतात. खाचा रिकाम्या ठेवल्यास मानेचा ताठपणा कमी होतो, म्हणून त्यांत लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवाव्यात. पट्ट्या फिकट रंगाच्या असल्या, तर बोट कुठे ठेवायचे हेही दिसते. तारांची उंची नट आणि घोडी या दोन्हीकडे कमी करावी लागते. इपॉक्सी हाताळताना हातमोजे हवेत आणि खोली हवेशीर हवी.

नागपूरच्या हवेचा काय परिणाम?

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि कोरड्या हवेत लाकूड आकसते. पावसाळ्यात तेच फुगते. मान वाकली, की तारांची उंची बदलते आणि गुंजारवाची जागा खरखर घेते. म्हणून ऋतू बदलला, की मानेतील ट्रस रॉड तपासून घ्यावा. ऐन उन्हाळ्यात इपॉक्सीही लवकर घट्ट होते, पसरवायला वेळ कमी मिळतो. हे काम थंडीतल्या कोरड्या दिवसांत करणे सोयीचे.

मग सूर कोण लावणार?

पडदे गेले, की सुराची जबाबदारी बोटांवर येते. ३४ इंची बासवर सुरुवातीचा अर्धा स्वर सुमारे ४८ मिलिमीटरचा असतो, तर बाराव्या जागेनंतरचा जेमतेम २४ मिलिमीटरचा. म्हणजे बोट तेवढेच घसरले, तरी वर चूक दुप्पट होते. शिवाय बोट पडद्याच्या मागे नव्हे, त्याच्या रेषेवर ठेवावे लागते. तानपुरा लावून रोज अर्धा तास संथ स्वर साधण्याची तयारी असेल, तरच पक्कड उचलावी. पडदे काढायला एक दुपार पुरते, हात बसायला कित्येक महिने लागतात.